जुनी गाडी घेताय? 'ॲव्हरेज किती देते' हा तिसरा प्रश्न असू द्या

सातारा असो वा सांगली, जुन्या गाडीच्या व्यवहारात पहिला प्रश्न ठरलेला असतो. ॲव्हरेज किती देते? त्यानंतर बॉनेट उघडतं, मग डिकी. कारण इथलं 'फॅमिली कार'चं गणित फक्त माणसांचं नसतं. पुढे दोघं, मागे मुलं आणि आजी, शिवाय गावाहून परतताना ज्वारीचा कट्टा, तांदूळ, हंगाम असेल तर तासगावकडच्या द्राक्षांच्या दोन पेट्या. म्हणजे गाडी पेट्रोल कमी पिणारी हवी, सामान भरपूर घेणारी हवी आणि बजेट चार-पाच लाखांच्या पुढे जायला नको.

अडचण अशी की या तीन गोष्टी एका गाडीत क्वचितच सापडतात. त्यात गेल्या वर्ष-दीड वर्षात जीएसटीचे दर बदलले, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. या सगळ्याचा परिणाम तुमच्या घराजवळच्या कार बाजारातल्या गाडीवरही होतो. तो कसा, ते समजून घेऊया.

आधी हिशेब: वर्षाला किती किलोमीटर?

ॲव्हरेजच्या आधी विचारायचा हा पहिला प्रश्न, आणि तो विकणाऱ्याला नाही, स्वतःला विचारायचा आहे.

हिशेबापुरतं पेट्रोल १०४ रुपये लिटर, डिझेल ९१ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. भाव वर-खाली होत राहतात, पण गणिताची रीत तीच राहते. रस्त्यावर पेट्रोल गाडी १६, डिझेल २० आणि सीएनजी २४ किलोमीटर देते असं समजू. आता शहरात थोडंफार फिरणारं, महिन्यातून एक-दोनदा गावी जाणारं कुटुंब घ्या. वर्षाला ६,००० किलोमीटर. पेट्रोलचा खर्च ३९,००० रुपये, डिझेलचा २७,३०० आणि सीएनजीचा २२,५००.

म्हणजे सीएनजी घेतली तर वर्षाला साडेसोळा हजार वाचले. पण त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची सीएनजी गाडी ८०,००० रुपयांनी महाग मिळत असेल, तर तो फरक भरून निघायला जवळजवळ पाच वर्षं लागतात. हेच कुटुंब रोज कराड-सातारा ये-जा करत असेल आणि वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील, तर बचत ५५,००० रुपये होते आणि फरक दीड वर्षात सुटतो. गाडी तीच, पण निर्णय अगदी उलटा.

आता खरी गंमत बघा. दोन पेट्रोल गाड्या आहेत, एक १६ देते, दुसरी १८. बाजारात या दोन किलोमीटरवर तासभर घासाघीस होते. ६,००० किलोमीटरवर त्याची किंमत वर्षाला सुमारे ४,३०० रुपये, महिन्याला ३६० रुपये. दमलेला क्लच बदलायची वेळ आली तर अशी दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात जाते. कमी चालवणाऱ्या घरासाठी ॲव्हरेजपेक्षा गाडीची तब्येत कितीतरी महत्त्वाची आहे, आणि तरीही बाजारात चर्चा ॲव्हरेजचीच होते.

जाहिरातीतला आकडाही जपून घ्यायचा. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर ठरावीक पद्धतीने चाललेल्या चाचणीतून येतो. तिथे खंबाटकी नसतो, पसरणी घाट नसतो आणि मागच्या सीटवर तिघं नसतात. त्या आकड्यातून पाचवा ते चौथा हिस्सा कमी करून हिशेब केलेला बरा.

ई-२० मुळे ॲव्हरेज खरंच पडतं का?

पडतं, पण व्हॉट्सॲपवर फिरतं तेवढं नाही.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज थोडं घटणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वाद पेटल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने इतर गाड्यांसाठी ३ ते ६ टक्क्यांचा आकडा दिला. ई-२० विरोधातली जनहित याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे पंपावर पर्याय मिळेल या आशेवर कोणी गाडी घेऊ नये.

वरच्या उदाहरणात ५ टक्के घट म्हणजे वर्षाला साधारण २,००० रुपये. खिशाला कळेल, पण गाडीचा निर्णय त्यावर फिरू नये. जास्त महत्त्वाचा मुद्दा रबरी पाइप, सील आणि इंधनाच्या टाकीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये हे भाग ई-२० ला चालतील असे दिलेले आहेत. त्याआधीची पेट्रोल गाडी घेत असाल तर इंधनाच्या पाइपांना भेगा आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे मेकॅनिकला मुद्दाम बघायला सांगा.

उसाच्या बिलातून गाड्या घेणाऱ्या या पट्ट्याला आता त्याच उसातलं इथेनॉल टाकीत भरावं लागतंय, हा योगायोग नाही म्हणायचा तरी काय!

डिकीचा प्रश्न, आणि ती खाणारा सिलिंडर

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून शहर गॅस वितरणाचं एकच क्षेत्र आहे आणि ते भारत पेट्रोलियमकडे आहे. सीएनजी पंप वाढले तशा जुन्या बाजारात सीएनजी गाड्याही वाढल्या. पण सीएनजी घेणारे अनेक जण डिकी उघडून बघतात ते व्यवहार जवळजवळ ठरल्यावर.

वॅगन आरचं उदाहरण घ्या. पेट्रोल गाडीची डिकी ३४१ लिटर. या आकाराच्या गाडीसाठी ती भरपूर आहे, आणि मागची सीट ६०:४० अशी वेगवेगळी आडवी होते. कंपनीचा सीएनजीचा आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर, म्हणजे डोळे दिपवणारा. पण मागे सिलिंडर बसला की उरते ती जागा एका-दोन पिशव्यांची. शिवाय सीएनजीवर ताकद सुमारे ६७ वरून ५७ हॉर्सपॉवरवर येते. पाच माणसं घेऊन महाबळेश्वर चढताना हा फरक पायाला कळतो.

टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोजपासून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली. पेट्रोल अल्ट्रोजची डिकी ३४५ लिटर, सीएनजीची २१०. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा वाचली. ह्युंदाईनेही २०२४ मध्ये एक्स्टरमध्ये हीच वाट धरली. या गाड्या आता जुन्या बाजारात यायला लागल्या आहेत. सीएनजीही हवी आणि डिकीही हवी असेल, तर थोडे पैसे जास्त देऊन दोन सिलिंडरवाली शोधणं शहाणपणाचं.

सेडानचं वेगळंच. आकडे छान असतात: डिझायर ३७८ लिटर, होंडा अमेझ ४२०, सियाझ ५१०. बॅगांसाठी उत्तम. पण डिझायर आणि अमेझमध्ये मागच्या सीटची पाठ आडवी होत नाही. सायकल, छोटं फ्रिज, कुंड्या, ठिबकच्या नळ्यांचं बंडल असं उंच किंवा लांब सामान डिकीच्या तोंडातूनच आत जात नाही. लिटरचा आकडा बघून गाडी घेतली आणि पहिल्याच ट्रिपला सामान टपावर बांधलं, असं इथूनच होतं. डिकीचं तोंड किती रुंद आहे आणि माल किती उंच उचलावा लागतो, हे लिटरमध्ये मोजता येत नाही. कट्टा बरोबर घेऊन जा आणि ठेवून बघा. विकणारा हसेल, हसू दे.

खरं तर या गरजेसाठी जगभर एक वेगळा प्रकार आहे, स्टेशन वॅगन. कारसारखी बुटकी, कमी इंधन खाणारी, मागे लांबलचक डिकी. आपल्याकडे टाटा इस्टेट, ओपल कोर्सा स्विंग, मारुती बलेनो अल्टुरा, टाटा इंडिगो मरिना असे प्रयत्न झाले, पण एकही टिकला नाही. लोकांना ती 'मागून कापलेली सेडान' वाटली बहुतेक. ती जागा शेवटी एर्टिगाने घेतली.

आणि म्हणूनच सामान आणि माणसं दोन्हींची अडचण असणाऱ्या घरात फिरून फिरून एर्टिगाचंच नाव निघतं. २०१२ च्या पहिल्या पिढीत तिसरी रांग उभी असताना डिकी १३५ लिटर, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत २०९. तिसरी रांग आडवी केली की नव्या गाडीत ५५० लिटर मिळतात. म्हणजे सात माणसं बसवली तर सामान नाही, पाच बसवली तर घर हलवा. रेनॉ ट्रायबर याच कल्पनेची छोटी आवृत्ती: तिसऱ्या रांगेच्या सीट काढून ठेवल्या की ६२५ लिटर. एक लिटरच्या इंजिनावर भरलेली ट्रायबर घाटात दमते, पण सपाटीवर मिरज-पंढरपूर करणाऱ्याला ती परवडते. जुनी डिझेल डस्टर ४७५ लिटर डिकी आणि खराब रस्त्याला तोंड देणारं सस्पेन्शन देते. मात्र भारतात ते डिझेल इंजिन २०२० मध्येच बंद झालं, त्यामुळे सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत मिळतात ते आधी गॅरेजमध्ये विचारा.

सीएनजी गाडी ठरवलीच तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, ते प्लेटवर आणि कागदावर बघा. कीट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर आणि विम्यात नोंद हवी. नसेल तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी नेमकं तेच पुढे करते.

डिझेल घ्यायची की नाही?

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना डिझेल बंद केलं. होंडाने २०२३ मध्ये. त्यामुळे स्वस्तातलं, भरपूर ॲव्हरेज देणारं छोटं डिझेल आता जवळजवळ फक्त जुन्या बाजारातच उरलंय. डिझेल एर्टिगाचा कंपनीचा आकडा २४ च्या पुढे होता. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आजही ती चांगलीच आहे.

पण बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वेगाने, सलग चालावी लागते. विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊच नये.

आणि दिल्लीची गाडी? तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारवाई थांबवली, डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. या अनिश्चिततेमुळे तिथल्या गाड्या स्वस्तात निघतात. महाराष्ट्रात दहा वर्षांची तशी बंदी नाही. पण परराज्यातली गाडी म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. मिरजेकडे येणाऱ्या केए-२२, केए-२३ पासिंगच्या गाड्यांनाही हेच लागू. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत मिळवा आणि मगच 'स्वस्त' म्हणा.

दुसरा प्रश्न: २०१९ आणि २०२१ मध्ये ही गाडी कुठे होती?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. गावभाग, मारुती चौक, भिलवडी, पलूस तालुक्यातली गावं पाण्याखाली होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच दिवसांत कुंभार्ली घाटापलीकडचं चिपळूण बुडालं. तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या, काही विमा कंपनीने 'टोटल लॉस' धरून लिलावात काढल्या, तर काही धुऊनपुसून, सीट कव्हर बदलून परत रस्त्यावर आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव, बीड बुडालं, म्हणजे ही यादी संपलेली नाही.

पुरातली गाडी चालते, हीच तिची फसवणूक. इंजिन दुरुस्त होतं. पण वायरिंगच्या जोडांमध्ये, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरलेला गाळ दोन-तीन पावसाळ्यांनी त्रास द्यायला लागतो. कधी काच खाली होत नाही, कधी डॅशबोर्डवर दिवे उगाच पेटतात, कधी गाडी मधेच बंद.

ओळखायची कशी? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा मातकट रंग असेल तर दुसरं काही बघायची गरज नाही. पुढच्या सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का बघा. फ्लोअर मॅट उचलून खालच्या कार्पेटचा वास घ्या. डिकीतलं स्टेपनी काढून त्या खळग्यात हात फिरवा, कारण पॉलिश करणारे तिथपर्यंत जात नाहीत. हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा, दहा वर्षांच्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट, या गोष्टी संशयाच्या. विक्रेत्याकडून जुन्या विमा पॉलिसी मागा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नंबर देऊन नोंदी विचारा. तिथे किलोमीटरही कळतात, त्यामुळे मीटर मागे फिरवला असेल तर तोही पकडला जातो. एमएच-१०, एमएच-११ किंवा कराडच्या एमएच-५० पासिंगची गाडी असली की 'आपल्या इथलीच आहे' म्हणून विश्वास बसतो. पुराच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा करायला हवा.

भाव: जीएसटीचा फायदा जुन्या गाडीत मागायचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. मारुतीने वॅगन आरची किंमत ७९,६०० रुपयांपर्यंत आणि डिझायरची ८७,७०० रुपयांपर्यंत कमी केली. एर्टिगा चार मीटरपेक्षा लांब, म्हणून ती ४० टक्क्यांच्या गटात गेली आणि कपात फक्त ४६,४०० रुपयांपर्यंत झाली.

याचा अर्थ सरळ आहे. दोन-तीन वर्षं जुनी वॅगन आर किंवा डिझायर जुन्या भावाच्या आधारावर विकली जात असेल तर ती महाग आहे. नव्या गाडीचा आजचा भाव समोर ठेवूनच बोला. जुन्या एर्टिगाचा भाव मात्र त्या मानाने कमी हलणार.

जुन्या गाडीवरच्या जीएसटीबद्दलही एक गैरसमज सोशल मीडियावर पक्का बसलाय. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट १८ टक्के केला, तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली तर कर ५०,००० वर, म्हणजे ९,००० रुपये. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तर जीएसटी नाही. बिलात पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून कोणी मागत असेल तर तिथून उठा.

चावी घेतली म्हणजे गाडी तुमची झाली नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. गाडीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर आरसीवर त्याची नोंद असते. ती काढायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा दाखला हवा. 'कर्ज फिटलंय, कागद नंतर देतो' यावर पूर्ण पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसलेली हवी आणि ई-चलन शून्य हवं, नाहीतर आरटीओतलं काम अडतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त बसेल हे धरून चाला.

कार बाजारातून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेला नियम माहीत असू द्या. व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना फॉर्म २९-सी मधून द्यावी लागते. त्यानंतर ती विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जातो.

आणि जे आपली जुनी गाडी देऊन ही घेणार आहेत, त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल. २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात फिरत गेली, २००९ मध्ये तिच्याकडून अपघात झाला, आणि तोपर्यंत आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव होतं. भरपाईची जबाबदारी कोर्टाने त्याच्यावरच ठेवली.